मोरया कुठे गेला?



दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या आमच्या कॉलनीतल्या गणपतीत नातवाने तळहाताएवढ्या सर्किटवर सरकत्या अक्षरांची पाटी केली. मजकूर एकच, 'गणपती बाप्पा मोरया'. बटण दाबलं तर 'गणपती बाप्प' आणि पुढे रिकामा चौकोन. मोरया गायब! लोक हसले, पोरगा रडकुंडीला आला. म्हणाला, "आजोबा, मी ३२ बाइटची जागा ठेवली होती. अक्षरं तर मोजकीच आहेत!"

मी कॉमर्सचा माणूस, उभा जन्म बँकेत गेला. ताळा जुळला नाही की झोप येत नाही. रात्री दोघं कागद घेऊन बसलो.

काना, वेलांटी, हलंत ही प्रत्येकी वेगळी नोंद धरली, तर चिन्हं १६ आणि मोकळ्या जागा २. जुन्या भारतीय 'इस्की' पद्धतीत (१९९१ चं मानक) प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे काम १८ मध्ये भागलं असतं. पण तिथे एकच आकडा देवनागरीत एक अक्षर, तर बंगालीत दुसरं. लिपी कोणती, हे वेगळं सांगावं लागे. त्याच १९९१ साली युनिकोड आलं. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली. प्रत्येक लिपीला स्वतंत्र खातं मिळालं, पण दर चिन्हाला दोन बाइट लागू लागले. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ आखलं. त्यात इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं, जुन्या इंग्रजी फायली जशाच्या तशा चालतात. आपल्या अक्षराला मात्र तीन.

१६ त्रिक ४८, अधिक २, एकूण ५०. बत्तिसावा बाइट नेमका 'बाप्पा'च्या शेवटच्या कान्याच्या पोटात पडला होता. ताळा जुळला!

एसएमएसचंही असंच होतं. एका संदेशाची जागा १४० बाइट. इंग्रजीची १६० अक्षरं मावायची, मराठीची ७०. म्हणून तर आपण सगळे कित्येक वर्षं रोमन लिपीत मराठी लिहीत बसलो.

नातवाच्या सर्किटवरची भाषा मायक्रोपायथन. ती मजकूर यूटीएफ-८ मध्येच ठेवते. मोठ्या संगणकावरचं पायथन २०१२ पासून मजकुरातलं सगळ्यात मोठं चिन्ह बघून सगळ्यांना सारखी जागा देतं. मराठीला दोन बाइट, पण त्यात एक इमोजी घातला की सगळ्यांनाच चार. छोट्या यंत्राला ही चैन परवडत नाही. जागा वाचते, पण दहावं अक्षर हवं असेल तर पहिल्यापासून मोजत जावं लागतं, पानांवर आकडे नसलेल्या लेजरसारखं.

एक सोय मात्र छान आहे. अक्षराच्या दुसऱ्या-तिसऱ्या बाइटवर 'मागून पुढे चालू' अशी खूण असते. त्यामुळे मजकूर तोडायचाच झाला तर खूण नसलेल्या बाइटपर्यंत मागे यायचं, तिथेच तोडायचं. निदान अर्धं अक्षर तरी उरत नाही.

नातवाने जागा ६४ केली. दुसऱ्या दिवशी आरतीला मोरया हजर!

तुमच्याकडे पासबुकात, पावतीवर कुणाचं नाव असं अर्धवट छापून आलं होतं का? जरूर लिहा.