चमचाभर लघवीची गोष्ट

दिवस भरत आलेल्या मुलीच्या पायांवर सूज दिसली की वडीलधाऱ्या बायका म्हणत, ‘अगं, व्हायचंच असं!’ बहुधा ते खरेच असे. पण कधी चेहराही सुजतो, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ऐन बाळंतपणात आचके सुरू होतात. एके काळी युरोपातल्या डॉक्टरांजवळही शीर उघडून रक्त काढण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता.

या कोड्याचा धागा सापडला तो लंडनच्या गाय्ज रुग्णालयात. अंगावरची सूज आणि लघवीतून जाणारे प्रथिन यांचे मूळ मूत्रपिंडाच्या विकारात असू शकते, हे तिथल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली दाखवले होते. परीक्षा अगदी साधी. चमचाभर लघवी मेणबत्तीवर धरायची. प्रथिन असले तर अंड्यातल्या पांढऱ्यासारखे ते गोठते.

त्याच रुग्णालयात प्रसूतीचे काम पाहणारे जॉन लीव्हर यांना आचके येणाऱ्या बायका ब्राइटच्या रोग्यांसारख्याच दिसल्या. त्यांनी लघवी तापवून पाहिली, तर प्रथिन! पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बाळंत होत असलेल्या पन्नासांहून अधिक स्त्रियांची लघवी त्यांनी तपासली. जिथे आचक्यांची लक्षणे होती, तिथेच प्रथिन सापडले. हे त्यांनी १८४३ साली प्रसिद्ध केले. शिवाय प्रसूतीनंतर ते प्रथिन लवकरच नाहीसे होई. आता तुम्हीच सांगा, मूत्रपिंडाचा जुनाट विकार असा थोड्या दिवसांत जाईल काय? तेव्हा हा रोग निराळाच होता.

१८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र आले आणि दुसऱ्याच वर्षी फ्रेंच डॉक्टरांना अशा रुग्णांचा रक्तदाब चढलेला आढळला. आज आपल्याला माहीत आहे की बिघाडाचे मूळ वारेत असते. तिथून रक्तात उतरणारी द्रव्ये रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावतात आणि मूत्रपिंडाची गाळणी पाझरू लागते. मूत्रपिंड बिचारे मार खाते आणि लघवीतून खबर देते.

ती खबर वेळीच ऐकली तर उपाय आहे. मॅग्नेशियम सल्फेटने आचक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. मात्र आचके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. म्हणून दवाखान्यात लघवीची बाटली हाती दिली, दंडाला पट्टा बांधला, तर ‘हे कशाला?’ म्हणून टाळू नका. आणि बाळंतीण घरी आल्यावर डोके फार दुखते म्हणाली, तर ‘जागरणानं होतं गं’ म्हणून तिला निजवू नका. लगेच दवाखान्यात न्या.