ध्येय, गणित आणि अण्णासाहेब

आमच्या क्षेत्रात 'पर्पज' हा शब्द फार स्वस्त झालाय. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना असतो, ट्रेनिंगवाला येऊन त्यावर तीन तास बोलतो, आणि प्रत्येक वेळी एकच चित्र रंगवलं जातं: लहानपणीच एक स्वप्न पाहायचं, त्यावर नजर रोखायची, आणि अर्जुनासारखा फक्त पोपटाचा डोळा बघत सुटायचं. मग यश आलंच म्हणून समजा.

मला हे कधीच पटलेलं नाही. अठराव्या वर्षी सीईटीचे मार्क बघून ज्यांनी ब्रँच ठरवली, त्या आम्हा मंडळींना कसला आलाय पोपटाचा डोळा! म्हणून या वीकएंडला अशा एका माणसाबद्दल लिहितोय, ज्याचं ध्येय पक्कं होतं यावर दुमत नाही, पण ज्याचं आयुष्य या चित्रात काही केल्या बसत नाही. पुण्यातल्या निम्म्या आयटीवाल्यांनी ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर क्लच दाबून आयुष्यातले कित्येक तास घालवले असतील, ते महर्षी धोंडो केशव कर्वे. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

सुरुवात तर चक्क फसलेली. कोकणातल्या मुरुडचा हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी भर पावसात, घाट चढून, सुमारे ११० मैल चालत साताऱ्याला गेला. तिथे त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. कारण? वय लहान दिसतं! पुढे शिकत शिकत बी.ए. व्हायला १८८४ साल उजाडलं. तेव्हा वय २६. विषय गणित. मग मुंबईत शाळांमधून शिकवणं, शिकवण्या, संसार. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वयाला 'महर्षी' हे एक कष्टाळू, लाजाळू गणिताचे मास्तर होते. बस्स.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. पत्नी राधाबाई गेल्या, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. १८९३ मध्ये त्यांनी मित्राची बहीण गोदूबाई हिच्याशी लग्न केलं. लग्नानंतर तीनच महिन्यांत, आठव्या वर्षी ती विधवा झाली होती, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकली होती. हीच पुढची आनंदीबाई ऊर्फ बाया. मुरुडात बहिष्काराचा ठराव झाला. स्वतःच्याच गावी, स्वतःच्याच घरी उतरायची सोय राहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं की ध्येय निश्चित: विधवाविवाह! त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळीही काढली. पण इथेच खरी गंमत आहे.

पुनर्विवाहाला तयार होणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीच्या हजारो बायका माजघराच्या अंधारात, दोन वेळच्या अन्नासाठी राबत होत्या. त्यांना आधी स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं होतं. आणि १८९३ मध्येच धर्मांतराच्या वादावरून शारदासदनातून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. अण्णांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो या पार्श्वभूमीवर.

आणि मग त्यांनी एक निर्णय घेतला, जो वाचून मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही. आश्रम फक्त शिकवणार. ज्या माणसाने स्वतः विधवेशी लग्न करून गाव गमावलं, त्याने आपल्याच संस्थेत तो विषय बाजूला ठेवला! सनातनी त्यांना आधीच शिव्या देत होते. आता सुधारकही म्हणायला लागले की हा माणूस कच खातोय. अण्णांचा हिशोब गणिताच्या मास्तराचा होता. पुनर्विवाहाचं नाव निघालं की बाप मुलीला पाठवणार नाही. मुलगी आलीच नाही, तर शिकणार कोण?

या हिशोबाला काळी बाजूही आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या काळात आश्रमाची दारं उच्चवर्णीय विधवांसाठीच उघडी होती. ज्या समाजात काम सुरू केलं, त्याच्या चौकटीचं ओझंही संस्थेने उचललं.

प्लेगमुळे १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. तेच आजचं कर्वेनगर. तेव्हा तिथे रस्ताही नव्हता. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जात. सुट्टी लागली की वर्गणी गोळा करायला गावोगाव. १९०७ मध्ये त्यांनी महिला विद्यालय काढलं, कारण एव्हाना लक्षात आलं होतं की फक्त विधवांना शिकवून भागत नाही. लग्नाआधीच मुलगी शिकली, तर प्रश्नाच्या मुळाशी हात जातो. मग जपानच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती, ती १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाच्या तयारीत उपयोगी पडली. १९१६ साली भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं. विद्यार्थिनी किती? पाच! अण्णांचं वय ५८. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने १५ लाखांची देणगी दिली आणि त्याचं एसएनडीटी झालं. कायद्याने मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

म्हणजे बघा: विधवांचं लग्न, मग विधवांचं शिक्षण, मग सगळ्या मुलींचं शिक्षण, मग विद्यापीठ. तीन वेळा आराखडा बदलला. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट तीच, डिझाइन तीन वेळा नव्याने. ध्येय म्हणजे ठरलेलं स्टेशन, असं आपल्याला शिकवलं जातं. अण्णांकडे ते एका प्रश्नासारखं होतं: या बाईचं जगणं कशाने सुधारेल? उत्तर चुकलं किंवा अपुरं पडलं की ते उत्तर बदलत, प्रश्न नाही. आणि ध्येयाचा खरा उपयोग काय करायचं हे सांगण्यापेक्षा काय सोडायचं हे सांगण्यात असतो, हेही त्यांच्याकडे पाहून कळतं. त्यांनी सोडलं ते साधंसुधं नव्हतं. सुधारकांची शाबासकी होती.

पण एक हिशोब राहतोच. अण्णांनी स्वतःची विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेच्या नावे केली. घरात बाया आणि मुलं. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, संसार ओढला, संस्थेसाठी स्वतः वर्गणीही गोळा केली. त्यांचं 'माझे पुराण' वाचलं की लक्षात येतं, एका माणसाच्या ध्येयाचे हप्ते त्याच्या घरातलं दुसरं माणूस भरत असतं. पर्पजवर तीन तास बोलणाऱ्यांनी ही स्लाइड कधी दाखवलेली मी तरी पाहिली नाही.

अण्णा थांबले नाहीत. १९३६ मध्ये, ७८व्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी संस्था. १९४४ मध्ये, ८६व्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ. आश्रमाच्या दारात राहून गेलेली गोष्ट त्यांनी त्या वयात हाती घेतली, असं मला वाटतं. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. १९६२ मध्ये ते गेले.

असो. तिशी जवळ आली तरी 'आपलं ध्येय काय' हे सापडत नाही म्हणून रात्री जागणाऱ्या माझ्या मित्रांना एवढंच सांगतो: या माणसालाही ते आकाशातून मिळालं नव्हतं. जवळच्या एका माणसाचं दुःख बघून त्याने एक काम हाती घेतलं, आणि मग ते काम त्याला पुढचं दाखवत गेलं. फक्त हप्ते कोण भरणार आहे, ते घरी आधी विचारून घ्या.