सागरनिरीक्षक बोया

समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगत राहून लाटा, वारा, तापमान, प्रवाह यांची सतत मोजणी करणारे नांगरलेले यंत्र. बोयावरची मापकयंत्रे नाजूक असतात, पण खरा कस लागतो तो नांगरणीत. बोया जागचा हलू नये आणि तरी पाण्याबरोबर मोकळेपणी वर-खाली व्हावा, या दोन अटी परस्परविरोधी आहेत.

तरंगमापक बोया हा सुमारे 70 ते 90 सेंमी. व्यासाचा गोळा असतो. नेदरलँड्समधील डेटावेल कंपनीच्या बोयांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. आतला त्वरणमापक उभे त्वरण नोंदवतो. त्याचे दोनदा समाकलन केले की पाण्याची चढउतार मिळते. दिशादर्शक प्रकारात सेकंदाला 1.28 नोंदी होतात. अर्ध्या तासात 2,304. त्यांतून सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी, म्हणजे ‘लक्षणीय तरंगउंची’, काढतात. साखळीने करकचून बांधलेला गोळा लाटेच्या माथ्यापर्यंत पोचणार नाही आणि उंची कमी नोंदली जाईल. म्हणून गोळ्याखाली लांब रबरी दोर घालतात. लाट आली की तो ताणला जातो, गोळ्याला ओढत नाही. त्याखाली साधा दोर आणि तळाशी वजन.

कोकणात रत्नागिरीजवळ सुमारे 13 मी. खोल पाण्यात असा बोया ठेवून लाटांचा अभ्यास झाला आहे. दोनापावला (गोवा) येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना रत्नागिरी व गोव्याच्या नोंदींत हिवाळ्यात वायव्येकडून येणाऱ्या लाटा आढळल्या. त्यांचा उगम अरबस्तानाकडच्या ‘शमाल’ वाऱ्यात असल्याचे त्यांनी 2011 मध्ये दाखवले. इथे वारा पडलेला असताना किनाऱ्यावर लाट का वाढते, याचे एक उत्तर त्यात आहे.

खोल समुद्रातील बोये निराळे. भारतात 1990 च्या दशकात चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने त्यांचा कार्यक्रम हाती घेतला. तिचे ‘ओम्नी’ बोये अरबी समुद्रात व बंगालच्या उपसागरात आहेत. पाण्यावरच्या डोलकाठीवर वारा, हवेचा दाब व आर्द्रता मोजणारी यंत्रे; खालच्या तारेवर 500 मी. खोलीपर्यंत तापमान व क्षारता मोजणारे संवेदक. हीच तार भार पेलते आणि माहितीही वर पोचवते, ही यातली सर्वांत सुंदर युक्ती म्हणावी लागेल. तिथून नोंदी उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येतात. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे अंदाज व मच्छीमारांसाठी इशारे देते, त्या कामी बोयांच्या नोंदी लागतात.

शेवाळ व बार्नेकल चिकटून संवेदक बिघडतात, दोर झिजतात. त्यामुळे ठरावीक काळाने जहाज नेऊन बोया बदलावा लागतो. माणसाचा उपद्रवही मोठा. तरंगत्या वस्तूच्या सावलीत मासे जमतात, म्हणून होड्या बोयापाशी येतात. जाळी अडकतात, दोर कापले जातात, सौरपट्ट्या चोरीला जातात. बोया मोकाट सुटून भरकटला, तरी त्यावरचा उपग्रह-प्रेषक स्थान कळवत असेल तर तो शोधून परत आणता येतो.