ब्रिटानिक कशाने बुडाले?

टायटॅनिक बुडाले हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याचे धाकटे भावंड ब्रिटानिक मात्र फारसे कोणाला माहीत नसते. टायटॅनिकच्या अपघातानंतर या जहाजाचा आराखडा बराच बदलला होता. कप्प्यांच्या भिंती उंच नेल्या, बाजूंना दुहेरी पत्रा बसवला. पुढचे 6 कप्पे पाण्याने भरले तरी जहाज तरंगेल, असा हिशेब होता. 1914 मध्ये ते बेलफास्टला पाण्यात उतरले. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि तिकीट काढलेला एकही प्रवासी न घेता ते रुग्णालय-जहाज बनले.

21 नोव्हेंबर 1916 रोजी ते जखमी सैनिकांना आणण्यासाठी एजियन समुद्रातून मुद्रोस बंदराकडे चालले होते. रुग्ण कोणी नव्हते. खलाशी, डॉक्टर, परिचारिका मिळून हजारावर माणसे होती. सकाळी 8 वाजून 12 मिनिटांनी ग्रीसच्या केआ बेटाजवळ स्फोट झाला आणि 55 मिनिटांत जहाज बुडाले. टायटॅनिकला 2 तास 40 मिनिटे लागली होती! 30 माणसे दगावली. जहाज बेटाच्या उथळ पाण्यात नेण्यासाठी कप्तानाने यंत्रे चालू ठेवली होती. हुकुमाआधीच सोडलेल्या दोन नावा फिरत्या पंख्यांत ओढल्या गेल्या. बहुतेक मृत्यू तिथलेच.

स्फोट पाणसुरुंगाचा की पाणतीराचा? हा फरक केवळ तांत्रिक नाही. सुरुंगावर कोण आदळणार हे तो पेरणाऱ्याला माहीत नसते. पाणतीर नेम धरून सोडतात, आणि पांढऱ्या रंगाच्या, लाल क्रॉस काढलेल्या जहाजावर तो सोडला असेल तर तो युद्धगुन्हाच. चौकशी अधिकाऱ्यांचा कल सुरुंगाकडे होता. पण पाण्यात पाणतीराची रेघ पाहिली असे सांगणारेही होते. कागदावर हा वाद मिटण्यासारखा नव्हता.

1975 मध्ये फ्रेंच संशोधक झाक कुस्तो यांनी हॅरॉल्ड एजर्टन यांच्या सोनार यंत्राच्या मदतीने जहाज शोधले. नौदलाच्या नकाशावरील खुणेपासून ते काही सागरी मैल दूर निघाले. खोली सुमारे 120 मीटर, आणि जहाजाची लांबी 269 मीटर! म्हणजे नाक तळाला टेकले तेव्हा शेपूट पाण्याबाहेर होते.

इतक्या खोल जाणाऱ्या पाणबुड्याची अडचण डाल्टनच्या नियमाने वर्गातही मांडता येईल. दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे तळाशी तो 13 वातावरणे. साधी हवा घेतली तर ऑक्सिजनचा आंशिक दाब 13 × 0.21, म्हणजे 2.7 होतो. 1.6 च्या वर ऑक्सिजनच विष ठरू लागतो आणि झटके येतात. नायट्रोजनचा दाब 10 च्या वर जाऊन दारूसारखी गुंगी चढते. म्हणून बराचसा नायट्रोजन काढून हेलियम घालतात आणि ऑक्सिजन 11 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. पण हेच मिश्रण पृष्ठभागावर घेतले तर माणूस बेशुद्ध पडेल! तेव्हा वरच्या पाण्यासाठी वेगळी टाकी हवी.

परतीचा प्रवास त्याहून कठीण. भराभर वर आल्यास सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसे रक्तात बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत जे. एस. हाल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून 1908 मध्ये मांडली. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. यांनी दुसऱ्या महायुद्धात दाबाच्या कोठडीत स्वतःवरच प्रयोग केले. पुढे ते भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) ब्रिटानिकवर वीस मिनिटे काढली तर वर यायला काही तास लागतात. 2009 मध्ये एका मोहिमेचा प्रमुखच या जहाजावरून परतल्यावर मरण पावला.

एवढे करूनही फाटलेला पत्रा पाहून वादाचा निकाल लागेना. नाक तळावर आपटल्याने तो भाग आणखीच मोडला होता. उत्तर मिळाले ते जहाजाबाहेर. पाणसुरुंग पाण्यात तरंगत राहावा म्हणून तो तारेने एका जड नांगराला बांधलेला असतो. स्फोटात सुरुंग नाहीसा होतो, नांगर तळाशी राहतो. 2003 च्या मोहिमेत सोनारने परिसरातील अशा नांगरांची रांग टिपली. यू-73 या जर्मन पाणबुडीने ऑक्टोबर 1916 मध्ये याच खाडीत सुरुंग पेरल्याची नोंद होतीच. 14 नोव्हेंबरला तिथेच बुर्दिगाला हे फ्रेंच जहाज बुडाले होते. दोन्ही पुरावे जुळले. पाणतीराचा आरोप टिकला नाही.

मग इतके सुधारलेले जहाज तासाभरातच का बुडाले? याचे उत्तर मात्र पाणबुड्यांनी आत शिरून आणले. काही जलरोधक दारे उघडीच राहिली होती. स्फोटाने यंत्रणा बिघडली असावी, शिवाय ती पाळी बदलण्याची वेळ होती. आणि रुग्णकक्षांत सकाळची ताजी हवा यावी म्हणून खालच्या मजल्यांच्या गोल खिडक्या उघडल्या होत्या. जहाज कलताच पाणी त्यांतून आत आले. 2025 मध्ये ब्रिटानिकची घंटा वर काढली गेली. त्यांतल्या काही खिडक्या अजून उघड्याच आहेत.