वाचनकोपऱ्याची कुळकथा

प्राथमिक शाळेच्या वर्गात मुले पुष्कळ आणि शिक्षक एकच. त्यांतील पाचसहा जणांना जवळ घेऊन, कोणाचे वाचन नेमके कोठे अडखळते हे पाहत शिकवावे असे प्रत्येक कळकळीच्या शिक्षकास वाटते, परंतु तेवढा वेळ उरलेल्यांनी काय करावे, हा प्रश्न त्याचा हात धरून ठेवतो. वर्गाच्या कडेने वाचनाचे, लेखनाचे, श्रवणाचे आणि शब्द जुळविण्याचे जे कोपरे आज मांडले जातात, व जेथे मुले देखरेखीवाचून आपापला स्वाध्याय करतात, ते या प्रश्नाचेच उत्तर होय. आणि त्या उत्तराच्या वंशावळीचा एक जुना धागा मद्रासेस जाऊन पोचतो.

तेथे सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी 1789 मध्ये निघालेल्या एग्मोरच्या अनाथालयाचा कारभार अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे होता. एका देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना त्याने पाहिली. आपल्या पंतोजींच्या धूळपाटीचीच ती रीत. पगारी शिक्षकांना ती रुचेना, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावरच धाकट्यांना शिकविण्याची कामगिरी सोपविली आणि ती सफल झाली. हा वृत्तांत 1797 मध्ये लंडनला छापला गेला. पुढे जोसेफ लँकेस्टरने तेथे एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसविण्याची तजवीज केली. मूल शिक्षकावाचूनही शिकते हे यातून सिद्ध झाले खरे, परंतु हुकुमासरशी हलणाऱ्या त्या रांगांत मुलाच्या स्वतःच्या निवडीस वाव नव्हता.

तो वाव रोममध्ये मिळाला. सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरींनी बालगृह उघडले. खरखरीत कागदाची अक्षरे गुळगुळीत पाटीवर डकविलेली असत. मूल त्यांवरून दोन बोटे फिरवी, तोंडाने ध्वनी उच्चारी आणि वळण हातात मुरेपर्यंत आपल्याच इच्छेने तेच काम पुनःपुन्हा करी. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हेच तत्त्व 1945 पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांत रुजविले व महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, खडे, पाने आणि फुले आणली.

अमेरिकेत मात्र निराळाच शिरस्ता होता. वर्गाचे तीन गट करून शिक्षक एकेकास वाचावयास घेत आणि बाकीची मुले जागेवर बसून छापील कागदांतील रिकाम्या जागा भरीत. वाचनशिक्षणाचा सत्तर टक्क्यांपर्यंत वेळ अशा बैठ्या कामात जातो, असा अंदाज तेथील 1985 च्या एका प्रसिद्ध अहवालाने नमूद केला. तरी मुलांनी वर्गाच्या कोपऱ्यांत आपापले काम करण्याची कल्पना तेथे अगदीच नवखी नव्हती; 1967 च्या प्लाउडन या इंग्लंडमधील अहवालात वाखाणलेल्या इंग्रजी बालशाळांचे अनुकरण तेथे झालेच होते. 1996 मध्ये आयरीन फाउंटस आणि गे सू पिनेल यांनी लहान गटांच्या मार्गदर्शित वाचनावर ग्रंथ लिहिला, तेव्हा बाकीच्या मुलांच्या उद्योगाचा बंदोबस्तही त्यात घातला: फळ्यावर मुलांची नावे आणि त्यांखाली कामांची चित्रे, म्हणजे ‘आता काय करू?’ असे विचारीत कोणी शिक्षकाकडे येऊ नये.

गेल बूशी आणि जोन मोझर यांनी 2006 मध्ये यात एक शहाणपणाची भर घातली. एकट्याने वाचणे, सोबत्यास वाचून दाखविणे, ऐकणे, लिहिणे आणि शब्दांचे काम एवढेच पाच उद्योग त्यांनी ठेवले. आणि स्वाध्यायाची सवय मुलांत आपोआप येते असे न मानता ती शिकविली. पहिल्या दिवशी मुलांनी अवघी तीन मिनिटे वाचावे, तग वाढेल तसतसा काळ वाढवावा, असा त्यांचा क्रम आहे.

या साऱ्या परंपरेतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. चित्रे रंगविण्यात किंवा कागद कातरण्यातच वेळ गेला, तर सुशोभित कोपराही जुन्या छापील कागदाचाच वारस ठरतो; आणि मूल तेथे खरोखर वाचू-लिहू लागले, तर दोन पुस्तके आणि एक सतरंजी एवढाही सरंजाम पुरेसा होतो. म्हणून ज्या शिक्षकास पाचसहा मुलांजवळ निश्चिंतपणे बसावयाचे असेल, त्याने वर्षारंभीचे काही आठवडे उरलेल्यांस स्वावलंबन शिकविण्यातच खर्च करावेत. तो काळ वाचनशिक्षणातून वजा होत नाही, तो वाचनशिक्षणाचा पायाच असतो.