पहिल्या पाळीला चला

गिरणीचा भोंगा झाला, पळा! मुंबईत लालबागच्या गल्ल्यांतून माणसांचा लोंढा निघालाय. त्यात शिरलात की पाय आपोआप उचलले जातील. साल 1970च्या आगेमागे. गेटवर रातपाळी सुटलेला गाववाला भेटेल. तुम्ही सोडलेल्या पथारीवर आता तो झोपणार. सोबत आबा आहेत, आज निवृत्त, तेव्हा इथलेच विणकर. त्यांची पाठ सोडू नका.

साळखात्यात तोंड मिटून शिरा, नाहीतर तंतू थेट घशात. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. सदरा अंगाला चिकटला ना? शेकडो मागांवर धोटे धडाधड आपटताहेत. तेलाचा आणि खळीचा वास नाकात बसलाय. इथं बोलणं हातवाऱ्यांचं. शेजाऱ्यानं मिशीला पीळ दिला? म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, येतोय, सावध!

आबांच्या लेखी जॉबर म्हणजेच अख्खी कंपनी. त्यानं शब्द टाकला म्हणून ते बदली कामगार म्हणून लागले. रजा हवी तर त्याचा हात ओला करायचा, ठाण बिघडलं तर त्याच्या शिव्या खायच्या, आणि पोराच्या बारशाला पहिलं बोलावणंही त्यालाच.

पाळी सुटली. गेटसभेला थांबा, भज्यांचा घाणा आणि घोषणा एकदमच तापल्यात. आबा पावती फाडतात लाल बावटा युनियनची, पण पगाराच्या करारावर सही राष्ट्रीय मिल मजदूर संघाची. 1946च्या कायद्यानं बोलणी करायचा हक्क एकाच युनियनला, आणि तो त्यांच्याकडे. ‘वर्गणी एकाला, सही दुसऱ्याची,’ आबा हसतात.

आता घट्ट धरा: जानेवारी 1982. भोंगा गप्प. अडीच लाखांच्या आसपास कामगार युनियन नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागं संपावर बाहेर पडलेत. पहिले दिवस जत्रेचे. मग वाण्याची उधारी थकते, भांडी मोडीत जातात, एसट्या भरभरून माणसं गावाकडं निघतात. वर्ष उलटतं, तोडगा नाही.

आणखी थोडं पुढं या. गार खोलीत टेबलावर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. समोरचा साहेब बसायला खुर्ची देतो, चहा विचारतो.

‘जॉबर शिव्या द्यायचा, कारण त्याला माझ्याकडनं कापड हवं होतं,’ आबा म्हणतात. ‘हा गोड बोलतो, ह्याला गिरणीची जागा हवीय. कापड बंद पाडून मालकाला वाकवता यायचं. जमीन विकणाऱ्यापुढं संप करून बंद काय पाडणार?’