बेटावरील विमानतळ : बोट, पूल की बोगदा?

शहरालगतच्या बेटावर विमानतळ असल्यास प्रवाशांना पाण्यापलीकडे नेण्याची व्यवस्था करावी लागते. त्यासाठी फेरीबोट, पूल आणि पाण्याखालील बोगदा असे तीन प्रमुख पर्याय आहेत. यापैकी कोणता निवडावा, हा प्रश्न वरकरणी अभियांत्रिकीचा वाटत असला, तरी कॅनडातील टोरांटो शहरात तो अनेक दशके राजकारणाचा विषय ठरला होता.

ऑन्टारिओ सरोवरातील बेटावर असलेला टोरांटोचा बिली बिशप विमानतळ १९३९ मध्ये सुरू झाला. किनारा आणि विमानतळ यांच्यातील अंतर अवघे १२१ मीटर आहे. त्यासाठी बोगदा खणण्याचे काम ऑक्टोबर १९३५ मध्येच सुरू झाले होते. मात्र, त्याच महिन्यातील निवडणुकीत सत्तांतर होऊन मॅकेन्झी किंग यांचा पक्ष विजयी झाला आणि काम थांबविण्यात आले. त्यानंतर प्रवाशांची सारी भिस्त फेरीबोटीवर राहिली. पाणी ओलांडण्यास जेमतेम दीड मिनिट लागत असले, तरी खरा वेळ बोटीची वाट पाहण्यात जात असे.

पुढे पुलाची योजना आली. पूल झाल्यास विमानांची वर्दळ वाढेल आणि किनाऱ्यावरील वस्तीची शांतता भंगेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. नोव्हेंबर २००३ च्या महापौर निवडणुकीत हाच मुद्दा गाजला. पुलाला विरोध करणारे डेव्हिड मिलर निवडून आले आणि योजना रद्द झाली.

अखेर पादचाऱ्यांसाठीच्या बोगद्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. ३० जुलै २०१५ रोजी खुला झालेला हा बोगदा सुमारे २६० मीटर लांब असून, सरोवराच्या पृष्ठभागापासून ३० मीटरहून अधिक खोल आहे. प्रवासी लिफ्टने खाली उतरतात, सरकत्या पट्ट्यांवरून पुढे जातात आणि सरकत्या जिन्यांनी विमानतळाच्या बाजूला वर येतात. यास सुमारे सहा मिनिटे लागतात. मोटारींना मात्र बोगद्यात प्रवेश नाही. त्यांच्यासाठी फेरीबोट कायम ठेवण्यात आली.

अंतर मोठे असल्यास पूल सोयीचा ठरतो. मालदीवमध्ये हुलुले बेटावरील विमानतळावरून राजधानी मालेत येण्यासाठी पूर्वी बोटीशिवाय पर्याय नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये पूल खुला झाल्यावर तेथे मोटारीने जाणे शक्य झाले.

तथापि, पूल हा एकमेव मार्ग असल्यास संकट ओढवू शकते. जपानमधील ओसाकाजवळच्या समुद्रात कृत्रिम बेटावर कान्साई विमानतळ आहे. किनाऱ्याशी त्याला जोडणारा पूल सुमारे पावणेचार किलोमीटर लांब असून, त्यावर रस्ता व रेल्वे दोन्ही आहेत. ४ सप्टेंबर २०१८ रोजी 'जेबी' चक्रीवादळात एक टँकर या पुलावर आदळला आणि हजारो प्रवासी बेटावर अडकले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुटकेसाठी बसगाड्यांबरोबरच कोबे विमानतळापर्यंत वेगवान बोटीही चालविण्यात आल्या.

बोट स्वस्त, पण वेळापत्रकाशी बांधलेली. पूल जलद, पण वर्दळ वाढविणारा. बोगदा हवामानापासून सुरक्षित, पण खर्चिक. त्यामुळे नवा मार्ग झाल्यावरही जुना धक्का मोडीत न काढणे प्रवाशांच्या हिताचे ठरते.